तिसरा हात

ऐरोलीत धूळ नसलेली एकच खोली असते, न्हाणीघर.
कढत पाणी सोडून दार लावून घ्यायचं,
वाफेनं हवेतली कुसळं खाली बसतात.
मग लादी पुसायची, तासभर कोरडी होऊ द्यायची,
सदरा काढायचा, सुतीसुद्धा तंतू सोडतो,
आणि उघड्या अंगानं चोरासारखं आत शिरायचं.
बायको म्हणते, एवढं सोवळं देवाचंही पाळलं नाहीत कधी.
खरं आहे.

काठी माणग्याची.
सहा कांबी, रंध्याखाली केसाकेसानं तासलेल्या,
एकमेकींना चिकटवून षटकोनी केलेल्या,
टोकाशी काडेपेटीतल्या काडीहून बारीक.
कड्यांच्या पायाशी रेशीम गुंडाळलंय, डाळिंबी.
वॉर्निश प्यायलं की रेशमाचा रंग जातो
आणि खालचा बांबू दिसू लागतो.
ते टाळायचं तर आधी त्याला डिंकाचं पाणी पाजतात.
मी नाही पाजलं.

कुठलं लावायचं यात दोन महिने गेले.
लाख देखणी, पण थेंबभर पाण्यानं पांढरी पडते.
जवसाचं तेल हाताला गोड,
इथे खाडीकाठी मात्र आठ-आठ दिवस चिकट राहतं,
वर बुरशी धरतं.
दोन डब्यांचं नवं पॉलियुरेथेन काचेसारखं कडक:
काठी वाकेल, ते वाकणार नाही,
आणि कधीतरी बारीक तडा जाईल.
तो मला झोपेतही ऐकू आला असता.
शेवटी बोटींना लावतात ते घेतलं,
तेलात राळ शिजवलेलं, मधाच्या रंगाचं.
ठाण्यात बाजारपेठेतल्या कोठारीनं डबा पुढे सरकवत विचारलं,
काका, होडी घेतलीत?

बेलापूर रोडवरची आमची कंपनी बंद झाली
तेव्हा आलेखयंत्राची एक मोटर मी पिशवीतून घरी आणली होती.
बावीस वर्षं ती बॉयलरचं तापमान कागदावर ओढत होती.
आता ती काठी ओढते,
वॉर्निशनं भरलेल्या उभ्या नळीतून वर,
मिनिटाला दोन बोटं.
याहून घाई केली की ओघळ येतो.
मी पाटावर बसतो, श्वास बाजूला सोडतो.
काठी वर येते, ओली, आधी होती त्याहून जुनी दिसणारी.

पहिला हात पातळ, बांबूनं पिऊन टाकला.
दुसरा आठवड्यानं, घोटून, पुसून.
तिसऱ्याला दिवेलागणीची वेळ झाली,
झरोक्याची जाळी फाटलेली, खाडीवरून चिलटं येत होती.
एक बसलं. मधोमध.
सुई घेऊन गेलो, सुई हातातच राहिली.
काढलं असतं तर खड्डा पडला असता.
नाही काढलं, तर ते तिथे आहे.

ऑस्टिन परेरानं ही काठी मागितली तेव्हा
त्याचे डोळे चांगले होते आणि मला वेळ नव्हता.
चर्चची बाकं पॉलिश करायचा तो. मला ब्रश धरायला त्यानंच शिकवलं,
डोंगरातल्या थंड नदीच्या गोष्टीही त्याच्याच,
आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या.
चेंदणीत त्याच्या खोलीवर गेलो.
त्यानं बोटं लावलीच नाहीत. बोटं खोटं बोलतात म्हणायचा.
काठी खालच्या ओठावरून नेली, मुठीपासून टोकाकडे,
बासरी शोधत असल्यासारखी,
आणि मधे थांबला.

कोण आहे?

चिलट, मी म्हटलं. तिसऱ्या हातात सापडलं.

तो खोकेपर्यंत हसला.
रात्र रात्र जागून पिसांच्या खोट्या माश्या बांधतोस,
आणि ही बघ, बोलावल्याशिवाय आली.

मग म्हणाला, पंखा बंद कर.
मी बटण दाबलं. पाती थांबेपर्यंत तो कान लावून होता.
खुर्चीतच त्यानं मनगट मागे नेलं, पुढे आणलं,
दोरी नव्हती, गळ नव्हता, समोर कपाट होतं,
आणि टोकाची थरथर संपेपर्यंत
आम्ही दोघंही काही बोललो नाही.