तिसरी ओळ

हृदयक्रिया बंद पडली, हे कारण धरत नाहीत.
ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
ती सगळ्यांचीच पडते.
कारण त्याच्या आधी शोधायचं.

म्हणून फॉर्मवर तीन ओळी.
अ: कशाने गेला.
ब: ते कशामुळे झालं.
क: आणि ते कशामुळे.
डॉक्टर दमलेला असतो, अ वर सही करून सुटतो.

गोवंडीला, वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर
जिन्याला लागून माझं टेबल.
एकवीस वर्षं मी मरणांना नंबर देतोय.
आय एकवीस, हृदयाचा झटका.
ई अकरा, साखर.
ए पंधरा, फुप्फुसांचा क्षय.
भाजीवालीला अठरा रुपये देताना
तोंडातून निघून जातं, जे अठरा.
ती म्हणते, काय? मी म्हणतो, काही नाही. न्यूमोनिया.

वर्षअखेरीला तक्ता वर पाठवतो.
हृदय पहिलं, नेहमीसारखं.
खालच्या जागांवर थोडी ढकलाढकल,
एखादा ताप दोन पायऱ्या चढतो, क्षय एक उतरतो.
साहेब म्हणतात, सुधारणा आहे.
तांडेलबाई चहात बिस्कीट बुडवत म्हणतात,
"म्हणजे तेवढे दुसऱ्या कशाने तरी गेले."

दाखल्यावर कारण छापत नाहीत. ते आमच्याकडेच राहतं.
लोक येतात नावातली वेलांटी बदलायला,
विम्याला, पेन्शनीला, खोलीच्या पावतीला.

सगुणा पाटोळे मात्र कारणासाठी आली.
हातात हॉस्पिटलच्या कागदाची झेरॉक्स.
नवरा अडतीसचा. अ: श्वास बंद.
ब: छातीचा जुना विकार, जे चव्वेचाळीस.
क ओळीवर बोट ठेवलं, नख काळं,
"हितं लिव्हा. डंपिंगचा धूर."

म्हटलं, बाई, धुराला नंबर आहे एक, झेडमध्ये,
पण मरणाला तो चालत नाही.

"मग त्याच्या आधीचं लिव्हा. कचरा येचायचा."
ते काम झालं, बाई.
"त्याच्याबी आधीचं लिव्हा मग.
गावाकडं आमच्या हिरीवर घेत नव्हते."

मी पेनाला टोपण लावलं. काढलं. लावलं.
तिच्यामागे अकराजण उभे होते,
त्यातला एकजण म्हणाला, मावशी, आवरा.
तिने झेरॉक्सची बारीक घडी केली,
ब्लाउजमध्ये खोचली,
आणि "बरं" म्हणाली. नुसतं "बरं".

पुढल्या शनिवारी ओळखीने परळच्या वॉर्डात गेलो.
जुनं रजिस्टर, पान हाताला पापडासारखं.
सापडला बाप. वय: अंदाजे चाळीस.
कारण: ताप.

आई सांगायची, रुसून गेला.
भावाने खोली गुपचूप स्वतःच्या नावावर केली,
त्या दिवसापासून ह्याने बोलणं सोडलं,
मग दाढी, मग जेवण.
ताप शेवटी आला, ती म्हणायची. ताप निमित्त.

निमित्त आणि कारण.
चौथी शिकलेल्या बाईला फरक माहीत होता.
मला त्याचा पगार मिळतो.

सोमवारी रुसण्याला नंबर शोधला. नाही.
जवळात जवळचा आर नव्याण्णव:
इतर, नीट सांगता न येणारी कारणं.
तो जास्त वापरायचा नाही असं परिपत्रक आहे.
जास्त वापरला तर वॉर्डाचा दर्जा उतरतो.

सगुणाबाईंचा फॉर्म त्याच आठवड्याच्या गठ्ठ्यात होता.
क ओळ कोरी.
आजूबाजूला बघून
मी तिथे पेन्सिलीने एक टिंब दिलं,
काय म्हणून, ते मलाही ठाऊक नाही.

गठ्ठा स्कॅनिंगला गेला, परत आला.
स्क्रीनवर उघडून पाहिलं.
मशीनने धूळ समजून साफ केलं होतं.

कागदावर आहे अजून. कपाट सहा, खालचा खण.
मार्चनंतर मी नसेन.
तांडेलबाईंना दाखवून ठेवलंय कुठे ते.