आठ दिवसांची वही

उद्यमनगरात, लेथच्या तिसऱ्या गल्लीत
बाबालाल मिस्त्रीनं दोन कॅम फडक्यावर ठेवले,
तेलातनं काढलेले, शेजारी शेजारी.
एकाच आईची पोरं, थोरलं जरा नाकेलं.

“हा दोनशे चौसष्ट अंशाचा. हा दोनशे अठ्ठ्याऐंशी.
बोट फिरव.”
फिरवलं.
धाकट्याचं नाक उतरत जातं
ओल्या घाटाच्या पायऱ्या म्हातारं माणूस उतरतं तसं, बेतानं.
थोरल्याची नुसती टेकडी.
पलीकडं काय हाय, दिसतच नाही.

माझं बोट थोरल्यावरच राहिलं.
मिस्त्रीनं बघितलं. बोलला नाही. चहा सांगितला.

मी शिरोलीच्या फौंड्रीत, मोल्डिंगला.
आमच्यात चुकलं तर परत भट्टीत जातं,
लोखंड राग धरत नाही, पुन्हा पाणी होतं.
कॅमचं तसं नाही.
ग्राइंडरच्या चाकानं नेलेला
मिलिमीटरचा दहावा हिस्सा
कुठल्या भट्टीतनं परत आणणार?

“गाडी?”
एस्टीम. शहाण्णवची.
“हेड?”
पोर्ट मोकळे करून घेतलेत. स्प्रिंगा कडक टाकल्यात.
“आणि पळवणार कुठं?”
मी म्हटलं, पन्हाळा. गगनबावडा. पहाटेचं.
चुना लावलेली तंबाखू तशीच तळहातावर ठेवून तो हसला.
“नाव शांतिनाथ, आणि हौस बघा.
पहाट दिवसातनं एकदाच हुते, भावा.
आठ दिवस वही ठेव. काटा कुठं असतो ते लिही.
खोटं लिहू नको. मला कळणार नाही, इंजिनाला कळतंय.”

सोमवार. दाभोळकर कॉर्नर, सिग्नल: नऊशे.
सोमवारच, परत दाभोळकर कॉर्नर: नऊशे.
हायवेला शिरोलीपर्यंत तीन हजार, मधी टँकर, दोन.
बुधवारी आईचा गुडघा, डॉक्टरच्या दारात गाडी चालू ठेवून
बावीस मिनिटं. आठशे पन्नास.
गुरुवार लिहायचं राहिलं.
शुक्रवारी बहिणीच्या पोराला क्लासला,
ते म्हणालं मामा जोरात,
शाळेच्या भिंतीकडंनं चार हजार, लगेच ब्रेक.
रविवारी वाघबीळ ओलांडल्यावर, एकटा,
सहा हजार सातशे.
अकरा सेकंद. मोजले.

वही बघून मिस्त्री गप्प. मग त्यानं फडक्यावर
खडूनं दोन टेकड्या काढल्या, पाय एकमेकांत गुंतलेल्या.
“हे बघ. जुना धूर अजून दारात हाय,
आणि नवी हवा आत यायला लागल्या.
दोन्ही दारं उघडी. ह्याला ओव्हरलॅप म्हणायचं.
जोरात पळताना बरं असतंय, जाणारा येणाऱ्याला वढून घेतो.
पण सिग्नलला?
सिग्नलला दोघं दारातच भांडतात.
गाडी थरथरते. लोकांना वाटतं, काय दम हाय.
दम नसतो त्यो. भांडण असतंय.”

मला आमचं घर आठवलं, थोरला भाऊ पुण्याला गेला ते वर्ष.
मी काही बोललो नाही.

क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक.
हे मला आधीपासनं माहीत होतं,
पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं,
बरं आहे, इंजिनात कुणीतरी अर्ध्या घाईत आहे.

धाकटा बसवला.
पहिली वीस मिनिटं दोन हजाराच्या खाली येऊ द्यायचं नाही,
मिस्त्री घड्याळ धरून, मी पायावर,
सगळी गल्ली कानात बोटं घालून.
मग पाय काढला.
काटा आला खाली, आला, आणि नऊशेवर
गोठ्यातल्या म्हशीसारखा बसला.

बुधवारी मागच्या सीटवर आई,
गुडघा लांब करून.
दाभोळकर कॉर्नरला म्हणाली,
“बंद पडली काय रे?”
चालू आहे, म्हटलं. ऐक.

थोरला अजून मिस्त्रीच्या फळीवर,
जुन्या पेपरात गुंडाळून.
कधीमधी जातो तिकडं.
मिस्त्री चहा सांगतो, दुसरीकडं बघतो,
मी पेपर उलगडून
बोट फिरवून येतो.