तीस सेकंद

धंकच्या दवाखान्यात माझी पाळी चारला संपते.
चारलाच डोंगरामागे ढग उकळायला लागतात,
उतू जाणाऱ्या दुधासारखे, पण सावकाश,
जणू कुणी आच लहान करून दुसऱ्या खोलीत गेलंय.

आईला फोनवर धंक म्हटलं की तिला डंख ऐकू येतं.
अगं, गावाचं नाव आहे, मी म्हणते.
ती म्हणते, तेच ते.

नबहान अ‍ॅम्ब्युलन्सच्या बॉनेटला टेकून म्हणतो, रवायह.
उन्हाळ्यातल्या या ढगांना इथे नाव आहे.
आमच्या जतला ढग यायचे
आणि हजेरीपटावर सही न करता निघून जायचे.
नाव कशाला ठेवणार?

टेकडीवर ट्रायपॉड लावला. त्याला खडीची पिशवी टांगली,
जुन्या अ‍ॅप्रनची शिवलेली; खिशावर अजून
आयोडिनचा डाग आहे.
खाली रस्ता कोरड्या पात्रात उतरतो
आणि पलीकडे वर येतो.
मध्ये लाल-पांढरे खांब, पाण्याची उंची सांगायला.
वर्षभर त्यांना फक्त शेळ्या अंग घासतात.

साडेसातला अंधार. वारा अचानक गार,
फ्रीज उघडा राहिल्यासारखा.
मग वीज.
मी मोजते: एक, दोन, तीन, चार…
अकराला गडगडाट. पुढच्या वेळी नऊ. मग सहा.
सहाला निघायचं, असं नबहानला वचन दिलंय.
सहाला मी निघाले नाही.

इथे वादी वाहत नाही, येते.
व्याही येतात तशी:
आधी आवाज, मग धूळ, मग सगळी माणसं एकदम.
दगडांवर दगड आपटल्याचा तो आवाज
मला तळपायांतून ऐकू आला.
वादी आली, आणि प्रतिवादी कुणीच उभा राहिला नाही.
खांब एकेक करून बुडाले.

शटर तीस सेकंद उघडं.
त्या तीस सेकंदांत तीन विजा,
एक तर डोंगराच्या माथ्यापासून पात्रापर्यंत,
मुळांसकट उपटलेल्या बाभळीसारखी, उलटी.
पाणी मात्र दूध झालं, मऊ, गुळगुळीत.
कॅमेरा असंच करतो. जे सगळ्यात जास्त धावतं
त्याला तो शांत दाखवतो.
खालच्या कोपऱ्यात एक पिवळसर तिरकी रेघ, नखाएवढी.
लेन्सवर काहीतरी आहे असं वाटून मी पुसली.
पुढच्या फोटोत रेघ नव्हती.
पुसल्यानं गेली, म्हटलं. बरं झालं.

सकाळी नमुन्यांत एक नळी. हुमैद, वय बासष्ट,
वॉर्ड दोन. लेबलावर चिखलाचा अंगठा.
नबहाननं सांगितलं: पिकअप, मागे शेळ्यांचा चारा,
गाडी आडवी वाहत गेली, खजुराच्या बांधाला अडकली.
किती वाजता?
त्यानं वेळ सांगितली.
सूक्ष्मदर्शकात लाल पेशी मोजता मोजता
माझा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून.

जेवणाच्या सुट्टीत फोटो मोठा केला.
रेघ एक नव्हती, दोन होत्या. जवळजवळ. समांतर.
हेडलाइट तीस सेकंद वाहत गेले की तेवढे दिसतात.
नखाएवढे.

दाखवू नये, असं ठरवून मी दाखवायलाच गेले.
हुमैदनं स्क्रीन डोळ्यांजवळ धरली,
लांब धरली, परत जवळ.
वीज बघितली नाही. डोंगर बघितला नाही.
बोट त्या रेघेवर ठेवून तो तिच्या बाजूनं सरकवत नेलं,
चढावरून उतारावर, एकदाच,
आणि विचारलं, याच्यात आवाज नाही?
नाही, मी म्हटलं.
मग थोडं हसून: पोलिसांना दाखवू नकोस.
वाहत्या वादीत गाडी घातली की दंड आहे.
आणि चारा पूर्ण भिजला, हे दोनदा सांगितलं.

संध्याकाळी परत ढग.
नबहाननं किल्ली खिशातून काढली, माझ्याकडे पाहिलं.
पिशवीतली खडी ओलीच होती.
तो फोटो मी ठेवलाय, कोपरा न कापता.
त्या रात्री मी लेन्स पुसत होते,
तीनदा, मऊ कापडानं, श्वास सोडून,
काच स्वच्छ होईपर्यंत.