एकशे तीनपर्यंत

प्रशिक्षणात शिकवलं होतं,
पोराच्या पावलावर अंगठा दाबून ठेवायचा,
मोजायचं एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन,
मग उचलायचा. खड्डा राहिला
तर त्याच दिवशी तालुक्याला पाठवायचं.

बावीस वर्षं मी अंगठे ठेवले.
चैतात एकदा चपलेचा पट्टा रुतला म्हणून
स्वतःच्याच पावलावर ठेवला.
एकशे तीन.
कोणाला पाठवायचं आहे
ते कळायला थोडा वेळ गेला.

वर्ध्याला पडद्यावर हृदय दाखवलं,
ओल्या बोंडासारखं,
उघडू पाहतंय, उघडत नाही.
पस्तीस टक्के, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि वजन ब्याण्णव.
पोळी, भात, साखर सोडा. मीठ विसरा.
पाणी दिवसभरात दीड लिटर.
आमच्याकडं मे महिना असतो, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून सकाळी दोन अंडी,
दुपारी चिवळीची भाजी, अळणी,
आणि बिनमिठाची जवसाची चटणी,
जी खरं तर नुसती भुकटी.
भाकर आता मी फक्त थापते.
मारोतीच्या पंगतीत रोडगे वाढत होते,
शेणीतले, तुपात बुडवलेले,
सावित्री उईके म्हणाली,
काऊन वं बाई, तू जेवून नाही रायली?
उपास हाय.
कोन्या देवाचा?
ते काही मला सांगता आलं नाही.

अंगणवाडीत खिचडी तीच शिजवते.
मी चव घ्यायची, वहीत सही करायची, असा नियम.
अर्धा चमचा.
नियमाचा मी इतका आदर
आधी कधीच केला नव्हता.

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले.
पेढे वाटायच्या बेतात होते मी
(पेढे!)
बाई म्हणाल्या, ते पाणी,
त्यात तुमचं काही नाही.
मग काटा शंभर-दोनशे ग्रॅमनं सरकत राहिला,
मंथन कुमरेसारखा, फक्त उलटा.
मंथन अडीच वर्षांचा, आठ किलो सहाशे,
कार्डावरच्या लाल पट्ट्यात.
माझे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर,
कार्डात मी मावत नाही.

एका महिन्यात त्याचे शंभर वाढले, माझे चारशे उतरले.
वाटलं, हिशोब जुळवावा,
माझ्याकडून गेलं ते त्याच्याकडं गेलं म्हणावं.
तसं नसतं.
त्याची आई पहाटेच तेंदूपत्त्याला जाते,
घरी बहीण आहे, सात वर्षांची,
ती त्याला चहात बुडवून टोस देते.

मग मृगाच्या तोंडावर
कोणाच्या तरी बरणीतली कैरीची एक फोड,
एकच, दाताखाली करकर वाजली,
अंगभर पाणी सुटलं.
सुटलं ते आतच राहिलं.
दोन दिवसांत काटा दोन किलो वर,
रात्री उशा तीन,
गोळ्या एकीच्या दोन.
एवढीशी फोड.
अंगणात खाट टाकून मी बसून राहिले,
श्वास येईल तसा घेत,
आणि लोणच्याला शिव्या घालत.

पोरांनी यातून खेळ काढला आहे.
बाई, पाय द्या, म्हणतात.
आळीपाळीनं दाबतात, खड्डा भरताना पाहतात,
विहिरीत डोकावल्यासारखे.
आकडे त्यांना तीनपर्यंत येतात,
मग थेट एकशे एक.

आज मंथन पहिल्यांदा पुढं आला.
त्याचा अंगठा चिंचोक्याएवढा.
एकशे एक, मी मोजून दिलं, एकशे दोन.
त्यानं तेवढ्यातच उचलला,
वाकून नीट पाहिलं.
नाही, म्हणाला.
खड्डा नाही,
की त्याला दाबताच आलं नाही,
मला कळेना.
पुन्हा दाब, मी म्हटलं,
जोरानं.