हे नेटवर्क विसरायचे?

टॅबलेट फार हळू झालाय म्हणून भाचा म्हणाला,
मावशी, आधी ही जुन्या वायफायची अडगळ काढ.
एकशे बारा आहेत. कुणी ठेवतं का एवढी?

बसले मग ओट्याशी, डाळीचा कुकर लावून.
म्हटलं, तीन शिट्ट्यांत उरकेल.

'बिपिन हॉल', चेंबूर. झटका आल्यावर
माणसाच्या तोंडात फक्त शिव्या शाबूत राहिल्या होत्या,
शिव्यांपासूनच सुरुवात केली आम्ही.
विसरा.
'पासवर्ड मागू नये', मुलुंड. अडखळत बोलणारा मुलगा,
आता कुठल्याशा कंपनीत भाषणं देतो म्हणे,
ओळख दाखवत नाही. बरंच आहे.
विसरा.
'टीपी-लिंक ४ए७सी'. हे कोण?
आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी घरी चहा प्यायले,
कुणाची तरी जीभ टाळूला टेकवून 'ळ' शोधला,
आणि उरलं हे, खोक्यावरच्या स्टिकरचं नाव.
विसरा. म्हणजे, ते आधीच झालेलं.

सगळ्यांखाली एकच शेरा बारीक अक्षरात:
सेव्ह केलेले, रेंजमध्ये नाही.

मग 'धैर्यवान अँड सन्स'.
माहीम, तिसरा मजला. चष्म्याचं दुकान कधीच विकलेलं,
सन्स दोन: एक पर्थला, एक फोन न उचलणारा.
राउटर त्यांनीच बसवून दिला, बाबा दिसावेत म्हणून.
मोरेश्वरकाका दिसायचे. बोलायचे नाहीत.
शब्द आत जागच्या जागी होते सगळे,
कडी बाहेरून लागलेली.

माझ्या चित्रांच्या कार्डांना, केळं, छत्री, कंगवा,
पंधरा दिवस त्यांनी दाद दिली नाही.
मी काय बालवाडीत आहे? असं नुसत्या भुवईनं.
एकदा नेट गेलं आणि मी सहज पासवर्ड विचारला.
राउटर उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी वीस मिनिटं घेतली.
के. सात. म. म नाही, एम. शून्य.
मग डब्ल्यू. ओठांचा चंबू केला, नुसती हवा आली.
पुन्हा हवा.
"दोन यू," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तेव्हापासून दर मंगळवारी, शुक्रवारी
जिना चढण्याआधी मीटरच्या पेट्यांपाशी उभी राहून
मी हेच बटण दाबायचे.
वर जाऊन कपाळाला हात लावायचे: काका, गेलं बघा पुन्हा!
त्यांना कळलं होतं का?
मार्चमध्ये एकदा म्हणाले, एकेक शब्द खाली ठेवत,
"यंत्र. मंद. आहे. तुझं.
रोज. आण. मी. शिकवतो."

शेवटच्या मंगळवारी दाबलं नाही.
चपला पार जिन्यापर्यंत आल्या होत्या.
पर्थच्या मुलानं विचारलं, आपण कोण?
पासवर्डवाली, म्हणाले. निघून गेलं तोंडातून.

हे सांगायचं राहिलं:
गेल्या महिन्यात शीतलादेवीच्या स्टॉपवर उभी होते,
टॅबलेट पिशवीत, कोथिंबिरीखाली.
टिंग झालं. आपोआप जोडला गेला. दोन काड्या.
वर पाहिलं तर ग्रिलमध्ये लहान मुलाची सायकल टांगलेली,
कुणाची ते माहीत नाही.
कुणी बदललाच नव्हता.
मी दोन बस सोडल्या.
काहीबाही उतरत राहिलं, हवामान,
कुणाच्यातरी बारशाचे फोटो.

शिट्ट्या किती झाल्या, मोजल्या नाहीत.
डाळ लागल्याचा वास येतोय.
चौकट विचारतेय, हे नेटवर्क विसरायचे?
रद्द करा आणि विसरा, दोन्ही शेजारी शेजारी,
बोट जाडं असेल तर चुकायचंच.

मी ओठांचा चंबू करते.
हवा येते.