टिकाव

अर्जाच्या अकराव्या पानावर एक चौकट आहे:
अनुदान संपल्यावर केंद्राचा टिकाव कसा लागेल?
दोनशे शब्दांत लिहा.
मी इथली हिशेबनीस. बावीस वर्षांत सहा वेळा भरलीय ही चौकट,
सहाही वेळा खोटं लिहिलंय,
सभ्य भाषेत.

मार्चची तीस तारीख. मोन्तेविदेओत उन्हाळा उतरणीला लागलाय.
इथली नदी समुद्राएवढी, पलीकडचा काठ दिसत नाही,
तिचं खारट वारं आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतं
आणि खिडक्यांचं लोखंड चघळत बसतं.
वॉशिंग्टन तारेच्या ब्रशनं गंज खरवडतो, तांबडा लेप देतो
(नावावर जाऊ नका, आमच्याकडे आयांना मोठी नावं आवडायची),
पुढच्या मार्चात पुन्हा.
एकदा विचारलं, आत प्रयोगशाळेत नेमकं काय शोधतात रे?
म्हणाला, हेच. पण माणसात.

डॉक्टर एचेगोयेननी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं:
घेतलेल्या श्वासातला थोडा प्राणवायू वाट चुकतो,
एक जादा इलेक्ट्रॉन पदरात घेऊन पेशीभर हिंडतो,
भेटेल त्याला डसतो, चरबीला, प्रथिनाला, डीएनएला.
नावात प्राण आहे म्हणून सगळंच माफ नसतं.
त्याला आवरायला विकरं असतात,
रात्रंदिवस राबणारी, कुणाला पत्ता नसलेली.
ती थकली, की आजार डोकं वर काढतो.
मी म्हटलं, म्हणजे लेखा विभाग.
त्या इतक्या हसल्या
की भोपळ्यातला येर्बा चहा माझ्या वहीवर सांडला.
तो डाग अजून आहे. पान बावन्न.

उणे ऐंशी अंशांच्या कपाटात एक हजार एकशे बारा माणसांचं रक्त,
सेर्रोच्या मांस-कारखान्यात उभं आयुष्य गेलेल्यांचं.
माझ्याकडे त्यांचे फक्त आकडे, आणि बसभाड्याच्या पावत्या.
क्रमांक चारशे सात दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा,
बाही दुमडताना घडी मोडू नये म्हणून जपायचा.
पाचव्या वर्षी त्याची बायको आली.
दंड पुढे करून म्हणाली,
त्याचं नाही तर माझं घ्या,
यादीत भोक नको पडायला.
शास्त्रात हे चालत नाही, यामिलानं समजावलं.
मग दोघी बराच वेळ जिन्यात बसून राहिल्या.
बसभाडं मी दिलं.

जानेवारीत रात्री दोनला कपाटाचा कॉम्प्रेसर बसला.
वॉशिंग्टन आणि यामिला आइस्क्रीमच्या कारखान्यात गेले,
राखणदाराला उठवलं,
कोरड्या बर्फाच्या चौदा पोत्यांची उधारी केली.
पहाटेपर्यंत दोघांच्या बोटांना फोड आले, थंडीचे.
रक्त वाचलं.
बर्फाचं बिल मात्र कुठल्याच शीर्षाखाली बसेना,
शेवटी मी ते लेखनसामग्रीत घातलं.
लेखापरीक्षकानं विचारलं, बाई, एवढं काय लिहिता?

यामिलाला ल्योनहून पत्र आलंय. जाईल.
जाऊ दे, जायलाच हवं,
पण बर्फवाल्याचा फोन नंबर तिच्याच मोबाइलात आहे,
आणि चारशे सातच्या बायकोचा पत्ता.
हे हस्तांतर कुठल्या रकान्यात दाखवायचं?

टिकाव. खणायच्या अवजारालाही हाच शब्द.
कुणी तरी तो खांद्यावर घेऊन रोज निघावं लागतं,
एवढं मला कळतं.
याचे दोनशे शब्द होत नाहीत.
मी लिहिते: 'केंद्र स्वतःचे उत्पन्नस्रोत विकसित करील.'
खोडते.
लिहिते: 'चारशे सातची बायको अजून येते.'
तेही खोडते. मग बाजूला बारीक अक्षरात पुन्हा लिहिते.

पाच वाजायला आले. साडेपाचला टपालाची पिशवी जाते.
दारात वॉशिंग्टन, हाताला गंजाची पूड, कानामागे पेन्सिल.
तांबडा रंग एक लिटर, म्हणतो,
आणि या वेळी ब्रशही नवा लागेल.
कुठल्या खात्यात टाकू?