निरगाठ

मालपिकाच्या धक्क्यावर दोरिंदा
पाय पसरून जाळं सांधत बसते.
मराठी कानाला तिच्या नावातच दोरी ऐकू येते,
तिला ते ठाऊक नाही, आणि सांगून तरी काय.
अंगठ्याला चिकटपट्टी, दातांत सुई,
चव्वेचाळीस वर्षं एकच गाठ.
निरगाठ.
ओली झाली की आवळते,
ओढली की आणखी.
कुणी म्हणालं जाळं फाटलं,
तर ती आधी विचारते, गाठीत की धाग्यात?
धाग्यातच असतं.

तिची मुलगी सबेला धागा उसवते.
कापत नाही, जाळत नाही.
धाग्याच्या आत आणखी एक धागा असतो म्हणे:
एक इवली कडी उघडली की तिचा हात होतो,
हाताला हात, हाताला हात,
हजारोंची ही रांग म्हणजे नायलॉन.
समुद्रालासुद्धा ती मोडवत नाही.

आ कोरुन्याला, तिसऱ्या मजल्यावर,
ती चंबूत वीतभर जुनं जाळं टाकते.
चिमूटभर उत्प्रेरक, हवा काढून घेतलेली,
दोनशे चाळीस अंश.
वितळलेल्या रांगेतली एकेक कडी
हात सोडून पुन्हा स्वतःशी वळते,
वाफ होते,
गार काचेवर पिठीसाखरेसारखी बसते.
तिचंच पुन्हा नवं जाळं,
जुन्याचा वास नसलेलं.

हे अनुदानाच्या अर्जात.
चंबूत मात्र मार्चपासून नुसतं डांबर.
दुकानातला कोरा नायलॉन मुकाट उसवतो,
समुद्रातून आलेला नाही.
तिने मीठ धुतलं, शेवाळ खरवडलं,
खवले चिमट्याने वेचले,
एका रात्री तर मोजलेही, तीनशे बारा.
उत्प्रेरक मरतोच.
गटप्रमुख ब्राइस म्हणतो, नमुना बदल.
सबेला म्हणते, समुद्र कसा बदलू?

रविवारी तो तुकडा ती घरी नेते.
दोरिंदा हात पुसते,
चष्म्याशिवाय दोन बोटांत जाळं चोळते,
जिभेला लावते,
आई, नको ना!
आणि थुंकते.
"हे आपल्या बंदराचं नाही.
माशांच्या पिंजऱ्याचं आहे.
शेवाळ धरू नये म्हणून तांब्याच्या रंगात बुडवतात.
कुणीही सांगेल."

चार महिने, तीन यंत्रं, दोन अहवाल
आणि कुणीही सांगेल.

जुलैत, तांबं काढून टाकल्यावर,
काचेवर पहिली पांढरी साय.
सबेला कुपी घेऊन धक्क्यावर येते.
"किती जाळ्याचं?"
"वीतभर."
दोरिंदा कुपी उन्हात धरते, हलवते, परत देते.
मग बराच वेळ पाण्याकडे बघते.
त्या वर्षीच्या वादळात
बोट वाचवायला कापून सोडलेलं ते जाळं
अजून खाली कुठेतरी मासे धरत असेल,
कुणासाठीच नाही.
सगळ्या गाठी तिच्या हातच्या.
एकही सुटली नसणार.
आजवर ती हे चारचौघांत सांगायची.

सबेला शेजारी बसते.
म्हणते, आम्ही आणखी एक करून बघतोय.
धाग्यातच मधूनमधून एखादा कच्चा दुवा,
सुरगाठ समज.
पाच-सहा वर्षं खाऱ्या पाण्यात पडून राहिली
की आपली आपण सुटेल.

दोरिंदा सुई दातांत धरते,
पुन्हा काढते.
"आणि ऐन ओढीच्या रात्री सुटली तर?
तुझी सुरगाठ वर्षं मोजते,
की फक्त पाणी?"

सबेला वही उघडते.
प्रश्न आईच्याच शब्दांत उतरवते,
वर तारीख घालते,
आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडते.
वारा पान उलटू बघतो.
दोरिंदा त्यावर सुईंचा डबा ठेवते.